वरूनच तर लावायचंय

आईच्या दोन गुडघ्यांचं सध्या वेगवेगळं चाललंय. डाव्याला मेडिकलमधून आणलेलं जेल, उजव्याला आंबेहळदीचा लेप. ही वाटणी तिची तिनंच केली. मिरजेच्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, दोन्ही गुडघे सारखेच झिजलेत म्हणाले आणि जेल लिहून दिलं. जाता जाता जिन्याचंही सांगितलं : चढताना बरा पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा आधी. घरी आल्यावर आई म्हणाली, "दोन्ही सारखंच झिजल्यात न्हवं? मग बघूया की, कशानं काय हुतंय." वय ७६, शाळा चौथीपर्यंत. पण औषधाची परीक्षा घ्यायची तर दुसरी बाजू ताडून बघायला लागते, हे तिला कुणी शिकवायला लागलं नाही.

लेपाचं काम माझ्याकडं. रात्रीची भांडी झाली की मी सहाण घेऊन बसतो. चार थेंब पाणी, त्यात आधी रक्तचंदनाचं खोड फिरवायचं, मग आंबेहळद, शेवटी तुरटीचा खडा नुसता दोन वेढे. आंबेहळद वाळून दगड झालेली असते. पहिली पाच मिनिटं नुसतं पाणीच फिरतंय असं वाटतं, मग एकदम कच्च्या कैरीचा वास सुटतो आणि सहाणेवर विटकरी-पिवळी साय धरायला लागते. ती बोटानं निपटून पळीत घ्यायची, गॅसवर धरायची, कडेला पहिला बुडबुडा दिसायच्या आत उतरवायची. गुडघ्यावर लावला की दहा मिनिटांत कडा फिकट पडतात, मग बारीक भेगा जातात. आई त्या भेगांकडं समाधानानं बघते. "वडतंय बघ. सूज वडून घेतंय."

वाळणारा चिखल आकसतो आणि खालची कातडी ओढली जाते, हे मला कळतं. पण ते मी बोलत नाही. बोलायचा अधिकार मी २०१९ साली घालवलाय, त्याचं पुढं सांगतो.

माझं सगळं आयुष्य हळदीत गेलं. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते, मी तिथंच एका अडत दुकानात हिशेब लिहितो. राजापुरी, सेलम, गड्डा, कणी; फेब्रुवारीत नवा माल यायला लागला की माझ्या वहीची पानंसुद्धा पिवळी. वडिलांचे तळहात तर बारा महिने पिवळे. न्हाणीघरात साबण लावला की ते हात क्षणभर लालभडक व्हायचे आणि मला लहानपणी वाटायचं, रक्तच आलं. साबणातल्या खारानं हळद लाल होते. कुंकू ह्याच गुणावर होतं. दिवाळीत यार्ड बंद असलं की हात हळूहळू माणसासारखे दिसायला लागायचे, आणि सौदे सुरू झाले की पुन्हा पिवळे.

ह्या येण्या-जाण्यातच कातडीची गोष्ट आहे. लग्नातली हळद अंगावरून चार-आठ दिवसांत जाते ती धुतल्यानं कमी आणि गळून जास्त. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. खालून नवा येतो, वरचा कोंड्यासारखा झडत राहतो. हळदीचा रंग ह्याच थरात मुरतो आणि त्याच्याबरोबरच निघून जातो. अंगावर बहुतेक ठिकाणी हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्श्याएवढा, कागदापेक्षाही पातळ. एवढ्याशा पापुद्र्यानं आपलं आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवलेली असते.

हरिपूरची पेवं ज्यांनी बघितलीत त्यांना हे लवकर कळेल. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोटफुगी जागा. वर्षानुवर्षं हळद आत राहायची आणि कीड लागायची नाही, कारण ओल आणि हवा आत जात नव्हती. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे; आतली हवा बाहेर पडून नवी खेळायला वेळ द्यायला लागायचा. कातडीचंही तोंड असंच अरुंद आहे. चपट्या पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं असल्या चरबीच्या पदार्थांनी लिंपलेल्या असतात. ह्या लिंपणातून वाट काढायची तर रेणू लहान पाहिजे, आणि थोडा चरबीत, थोडा पाण्यात विरघळणारा पाहिजे. बॉस आणि मैनार्डी ह्या दोघांनी २००० साली एक ढोबळ नियम मांडला : धड कातडीतून ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू सहसा आत जात नाही. डाल्टन म्हणजे रेणूंच्या वजनाचं माप. तोलाईदाराच्या पोराला हे लगेच पटलं. काट्यावर ५०० च्या खाली भरला तर आत, नाहीतर बाहेर.

हळदीतलं कर्क्युमिन ३६८ भरतं. म्हणजे वजनात बसतं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, चरबीला चिकटून वरच्या थरातच घुटमळतं आणि उजेडात मोडतं. हळदीचे डाग पडलेली साडी बायका उन्हात टाकतात ती ह्याचसाठी. आणि आंबेहळद म्हणाल तर ती जेवणातल्या हळदीची चुलतबहीण, तिच्यात कर्क्युमिन फारच कमी.

आमच्या यार्डात हे बोलायची सोय नाही. कुणीतरी लगेच अमेरिकेचं पेटंट काढतं. हळदीनं जखम भरते ह्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, शास्त्रज्ञ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर ह्या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं, ही गोष्ट आमच्या तोलाईदारांनाही पाठ आहे. अभिमान मलाही आहे. पण तिथं निकाल लागला तो एवढाच की हे नवं नाही, आमच्याकडं आधीपासून माहीत आहे. हळद कातडीच्या आत किती खोल जाते आणि तिथं काय करते, हा मुद्दा त्या भांडणात नव्हताच. आपण मात्र तोही जिंकलाय असं समजून चालतो.

आता डावा गुडघा. त्याच्यावरचं जेल डायक्लोफिनॅकचं, वजन २९६. त्याचं काम समजायला सूज म्हणजे काय ते बघावं लागतं. लाली, सूज, ऊब, ठणका. ही चार लक्षणं रोमन सेल्ससनं पहिल्या शतकात लिहून ठेवली आणि आजही वैद्यकाची पोरं तीच पाठ करतात. इजा झाली की पेशीच्या भिंतीतल्या चरबीतून अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटतं. ते कॉक्स नावाच्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, हाती लागतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. ती रक्तवाहिन्या रुंद करतात, म्हणून लाली आणि ऊब. आणि नसांची टोकं हळवी करतात, म्हणून नुसता लुगड्याचा काठ लागला तरी आई "आई गं" म्हणते. अ‍ॅस्पिरिन बाजारात आलं १८९९ साली, पण ते नेमकं कुठं बोट ठेवतं हे जॉन व्हेननं १९७१ मध्ये दाखवलं. कॉक्सवर. डायक्लोफिनॅकही तिथंच बसतं.

ज्यानं रात्री उसाला पाणी पाजलंय त्याला हे पाटाच्या भाषेत सांगता येतं. डायक्लोफिनॅक एका चारीचं दार बंद करतं. वरून पाटाला पाणी आहेच, बाकीच्या चाऱ्या वाहतायत, ही एक तेवढी थांबली. स्टेरॉइड नावाची दाह दाबणारी दुसरी औषधं असतात, ती मात्र पार वर जातात, जिथून पाटाला पाणी सोडतात तिथं.

जेल लावल्यावर गार वाटतं ते त्यातलं अल्कोहोल उडतं म्हणून. ते उडून गेलं की मागं औषध दाट होऊन राहतं आणि वरच्या थरात ढकललं जातं. तिथून हळूहळू खाली झिरपतं. रक्तात पोचतं ते लावलेल्याच्या जेमतेम ६ टक्के, म्हणून गोळीनं आईचं पोट जसं जळायचं तसं ह्यानं जळत नाही. गुडघा कातडीच्या जवळ, म्हणून तिथं जेलला अर्थ आहे. खुब्याचा सांधा मांसाखाली गाडलेला, तिथं कितीही चोळा. बाकीचं औषध चादरीला, परकराला, आणि सकाळी आंघोळीच्या पाण्याबरोबर गटारातून कृष्णेत. (हेच डायक्लोफिनॅक जनावरांना टोचत होते. मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. वरून लावायच्या ट्यूबवर हे कुठं लिहिलेलं नसतं.)

आणि एक आकडा मला फार आवडतो. जुनाट सांधेदुखीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा डायक्लोफिनॅक लावणाऱ्या दहांपैकी सहांना चांगला उतार पडला होता. नुसतं जेल, औषधाशिवायचं, लावणाऱ्यांपैकी पाचांना. म्हणजे औषधाचा वाटा दहांत एक! बाकीच्या पाचांत काय आलं? दुखणं आपसूक कमी-जास्त होतं ते, गारवा, विश्वास, आणि चोळणारा हात. चोळल्यानं दुखणं दबतं ह्याला मेलझॅक आणि वॉल ह्यांनी १९६५ साली कारणही दिलं : स्पर्शाचे निरोप मणक्यात दुखण्याच्या निरोपांची वाट अडवतात. आई हे एका शब्दात सांगते. "अजून." जेल जिरून कधीच कोरडं झालेलं असतं, माझा अंगठा कोरड्या कातडीवर कचकचत असतो, तरी "अजून".

आता २०१९.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. त्या ऑगस्टमध्ये महापूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. घरात छातीभर पाणी. ओसरल्यावर पंधरा दिवस ओल्या कपड्यांत चिखल उपसला, आणि त्यातून जांघेत नायटा उठला. ही जागा अशी की माणूस डॉक्टरकडं जात नाही, मेडिकलमध्ये जातो. तेही गिऱ्हाईक कमी असताना. पोऱ्यानं काउंटरवर ट्यूब सरकवली. "ही घ्या काका. तीन-इन-वन हाय. सगळ्यांना हीच देतो."

मी काय सांगू त्या ट्यूबची जादू. पहिल्या रात्री खाज थांबली. तिसऱ्या दिवशी लाली गेली. चार रुपयांचं काम चार दिवसांत, असं मी दुकानात सांगितलंसुद्धा. बंद केली की आठवड्यात परत खाज, पहिल्यापेक्षा रुंद. मग परत ट्यूब. असे आठ महिने. बायको म्हणाली, दाखवा एकदा. मी म्हणालो, "अगं पोटात थोडंच घेतोय? वरूनच तर लावायचंय."

शेवटी मांडीवर आत एक गोल, त्यात दुसरा गोल, तिसरा, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तसे. आणि जांघेत जांभळट, खोलगट रेघा, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा. मिरजेच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि काहीच न बोलता हात पुढं केला, "ट्यूब."

नाकावरचा चष्मा कपाळावर सारून त्यांनी बारीक अक्षरं वाचली. एक बुरशीवरचं औषध, एक जिवाणूवरचं, आणि क्लोबेटासोल. "हे काय आहे माहितीय? कातडीवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. बुरशी मारणारा आणि बुरशीला पोसणारा एकाच ट्यूबमध्ये कोंबलाय."

मी सवयीनं म्हणालो, वरूनच लावत होतो.

त्यांनी कागदावर माणसाचं चित्र काढलं, लहान पोरं काढतात तसलं, आणि जागोजागी आकडे लिहायला लागल्या. फेल्डमन आणि मायबाख ह्यांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन अंगावर ठिकठिकाणी लावून किती आत जातं ते मोजलं होतं. हाताच्या कोपराखालच्या भागातून जेवढं जातं ते एक धरलं, तर तळपायातून त्याचा सातवा हिस्सा. कपाळातून सहापट. जबड्याच्या कोनातून तेरापट. शेवटचा आकडा त्यांनी चित्राच्या मधोमध लिहिला. वृषणाच्या कातडीतून ४२ पट.

मी आयुष्यभर काट्याजवळ बसलेला माणूस. बेचाळीस पटीनं माल आत जातोय आणि मी त्याची नोंदच केली नाही! शिवाय जांघ म्हणजे कातडीला कातडी लागलेली, घामानं ओली. वरून फडकं बांधल्यासारखंच. झाकलेल्या कातडीतून औषध आणखी जास्त शिरतं.

स्टेरॉइड आत जाऊन काय करतं तेही त्यांनी सांगितलं, आणि ते ऐकताना त्या ट्यूबबद्दल मला भीतीच्या आधी आदर वाटला. ते सरळ पेशीत शिरतं, तिथल्या एका ग्राही प्रथिनाला बिलगतं आणि त्याच्याबरोबर केंद्रकात, पेशीच्या कचेरीत, जातं. दाहाचे निरोप लिहिणारी जनुकं तिथं गप्प केली जातात. अ‍ॅराकिडोनिक आम्ल सोडणारा विकरही दाबला जातो, म्हणजे पाटाला पाणीच नाही. रक्तवाहिन्या आकसतात, कातडी पांढुरकी पडते. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन ह्यांनी ह्या पांढुरकेपणावरूनच कुठलं स्टेरॉइड किती जहाल ते मोजायची रीत काढली. शिवाय ते वरच्या थरात साठून राहतं आणि दिवसेंदिवस तिथून खाली उतरत राहतं. पुन्हा पेव. म्हणून बहुतेकदा दिवसातून एकदा पुरतं. मी तीनदा फासत होतो.

१९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचं मलम पहिल्यांदा रुग्णांवर वापरलं गेलं, तोवर इसबाच्या माणसाला डांबर आणि पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात भिजवलेली पट्टी एवढंच होतं. रात्र रात्र खाजवणाऱ्या पोरांना ह्याच औषधानं झोप दिली. डॉक्टरीणबाईंनी ते स्वतः सांगितलं, आणि हेही, की ज्याला खरंच हवं असतं ती माणसं आता भिऊन लावत नाहीत आणि तुमच्यासारखी आठ महिने लावतात. माझ्या नायट्यावर झालं ते असं : बुरशी तिथंच होती, पण कातडीनं तिच्याविरुद्ध चालवलेली सगळी बोंबाबोंब, म्हणजे लाली, खाज, सूज, ह्या औषधानं बंद केली. चोर घरात आणि कुत्र्याचं तोंड बांधलेलं. मी शांतता झाली म्हणून खूश. त्याच वेळी कातडीला ताण देणारे धागे बनायचे थांबले होते, म्हणून त्या रेघा. बुरशी पोटातल्या गोळ्यांनी दोन-अडीच महिन्यांत गेली. रेघा आहेत, राहतील.

अशी बरीच मलमं २०१८ च्या मार्चमध्ये शेड्यूल एचमध्ये गेली आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. माझी ट्यूब त्यानंतर दीड वर्षानं घेतलेली. पोऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्यानं चिठ्ठी मागितली असती तर मी पुढच्या दुकानात गेलो असतो.

माझ्या भाचीचं ह्याच्याही वरताण. लग्नाच्या आधी चेहरा उजळायला म्हणून मैत्रिणीनं सांगितलेलं क्रीम लावलं, त्यातही स्टेरॉइड. हळदीच्या दिवशी चेहरा काचेसारखा आणि दोन महिन्यांनी उन्हात गेली की टोमॅटो. तिला दिलेलं टॅक्रोलिमस मला कातडीच्या औषधांतलं सगळ्यात सुरेख वाटतं. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत सापडलेलं, वजन ८०४. म्हणजे त्या ५०० च्या काट्यावर नापास. धड कातडी त्याला फारसं आत घेतच नाही. पण पेटलेल्या कातडीचं लिंपण उखडलेलं असतं, तिथून ते शिरतं, टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींना, भडकवणारा कॅल्सिन्यूरिन नावाचा विकर अडवतं, दाह उतरतो, लिंपण परत धरतं आणि दार बंद. औषध आपल्याच कामानं आपली वाट बुजवतं. पहिले काही दिवस मात्र मिरची लावल्यासारखी आग होते. भाचीनं तिसऱ्याच दिवशी फोन केला, "मामा, हे बंद करू का?" तिला धीर द्यायला घरात माझ्याइतका शिकलेला माणूस दुसरा कुणी नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मला निघताना मलमाचं माप शिकवलं होतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबची एक रेघ. ती साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्या दिवसापासून घरात कुठलीही ट्यूब आली की मी आधी मागचं बारीक अक्षर वाचतो. बायको हसते. काट्याचा माणूस शेवटी काट्यावरच आला, म्हणते.

महिना झाला. काल रात्री डाव्या गुडघ्याला जेल चोळून मी सहाण धुवायला उठलो तेव्हा आईला विचारलं, काय निघालं तुझ्या परीक्षेत?

तिनं दोन्ही गुडघ्यांवर दोन हात ठेवले, जरा वेळ डोळे मिटले. "जेलनं बरं वाटतंय. पण लेपाची सर न्हाई. उजव्याला लई उतार हाय."

मग ती देवाचा दिवा बघायला खाली निघाली. मी सहाण हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. कठडा धरून तिनं पहिल्या पायरीवर उजवा पाय आधी टाकला, मग डावा. दुसऱ्या पायरीवर परत उजवा.

"आंबेहळद संपत आलीय," तिनं खालून सांगितलं. "उद्या येताना आण."